पुडीतले केस

आत्ये, बायू रडायची थांबली तेव्हा मला कळलं की आता काहीतरी झालं. चार दिवस ती नुसती रडत होती, घसा बसेपर्यंत, आणि त्या सकाळी मी पेज भरवायला घेतली तर पेज तोंडातून तशीच बाहेर आली, मान माझ्या दंडावर पडली, डोळे अर्धे उघडे आणि बघत कुठेच नाहीत. सासू चुलीपाशी होती, तिला हाक मारायची सोडून मी पोर उचललं आणि धावत सुटले, पायात चप्पल नाही, वाळूत सुकत घातलेल्या जाळ्यांवरून धावले, मागून कोणीतरी ओरडलं पाय अडकात गो म्हणून, आणि खरं सांगते, पोर हातात लोळागोळा झालेलं आणि माझ्या डोक्यात एकच, त्या पुडीत बायूचे केस नव्हते. त्या पुडीत माझे केस होते.

थांब. आधी लिहायला का बसले ते सांगते.

आज तुला जाऊन अकरा दिवस झाले. नाझनीनचा फोन आला होता, तुझी विद्यार्थिनी, मुंबईला तुझ्यानंतर जी ते एक्स-रेचं मशीन बघते. म्हणाली आम्ही आत्यांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढतोय, त्यांच्याबरोबर काम केलेले लिहितील, वाडीतले लिहितील, तूही लिही, जन्मतारीख नोकरी ते सगळं दुसरे लिहितील, तू तुझं लिही. मी म्हटलं मी नववीपर्यंत शिकलेली, मला काय येतंय. ती म्हणाली बोलतेस तसं लिही. मग बसले. बायू मागच्या दारी सासूबरोबर आहे, भात वाळत घातलाय त्यावरच्या कोंबड्या हाकलतायत दोघी, बायूचं हसणं इथे ऐकू येतंय. तेवढ्यात लिहून टाकते, नाहीतर माझा धीर जाईल.

लग्न होऊन आले तेव्हा मला समुद्राची भीती वाटायची आणि त्याच्यापेक्षा जास्त तुझी. माझं माहेर कुडाळच्या पलीकडे, काजू आणि भातशेती, मला बांगडासुद्धा नीट साफ करायला येत नव्हता. सासूने सांगून ठेवलेलं, वाडीच्या शेवटच्या घरात आत्या राहते, तुझ्या सासऱ्याची चुलत बहीण, लग्न नाही केलं, मुंबईला अणूच्या कामात जन्म गेला, आता परत आलीय, तिच्याकडे जास्त जाऊ नको. बायू झाल्यावर तर पोरीला तुझ्या मांडीवर द्यायचीच नाही म्हणून सरळच बोलली, "त्या म्हातारेच्या अंगात एक्स-रे गेलेले आसत, चेडवाक तिच्या मांडीर देव नको." मी खुळी, मी ते तुलाच येऊन सांगितलं. तू विळीवर मासे कापत होतीस. हसून हसून तुझ्या डोळ्यातून पाणी आलं.

"एक्स-रे म्हणजे काय भूत-देवचार आसा गो, अंगात रवाक? बटण बंद केला की तो गेलो."

आणि हात धुऊन बायूला घेतलंस. ती तुझ्या मांडीवर लगेच झोपली, माझ्या मांडीवर कधी इतकी पटकन झोपायची नाही, मला रागच आला.

तू काय काम करायचीस ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं बॉम्ब. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस प्रोटीनमधले धातू मोजायची. आता माझ्या माहितीत प्रोटीन म्हणजे टीव्हीवरच्या जाहिरातीतला डबा. तू समजावलंस, मासळीचं मांस, अंड्यातलं पांढरं, रक्त, नख, केस, सगळ्यात प्रोटीन, आणि त्यातल्या कितीतरी प्रोटीनमध्ये धातूचा एवढासा कण बसलेला असतो, जस्ताचा नाहीतर तांब्याचा नाहीतर लोखंडाचा, दिसत नाही, वजनाला लागत नाही, पण तो निघाला की ते प्रोटीन नुसतं पडून राहतं, काम करत नाही. कुठल्या प्रोटीनमध्ये कुठला धातू आणि किती, एवढंच तू आयुष्यभर शोधलंस. मी म्हटलं, मग एवढासा कण तुला दिसायचा कसा.

दिवेलागण झाली होती आणि लांब दीपगृहाचा दिवा लागला. तू म्हणालीस मोज. मी लुकलुक मोजली. तू म्हणालीस तुझा सासरा होडीत बसून अशीच मोजायचा आणि कुठला दिवा ते सांगायचा, कारण प्रत्येक दिव्याची लुकलुक वेगळी ठरवलेली असते. धातूचंही तसंच. त्याच्यावर एक्स-रे मारा, नाहीतर मोठ्या मशीनमधून अणूचे बारीक कण मारा, तो जागा होतो आणि आपली लुकलुक देतो, जस्ताची वेगळी, तांब्याची वेगळी. आणि कधी तुम्ही नमुना अणुभट्टीत ठेवून बाहेर काढायचात आणि तो निवताना मोजत बसायचात, प्रत्येकाचा निवायचा वेळ वेगळा, त्यावरून कळायचं कोण आहे. मला सगळं समजलं असं नाही. दिव्याचं समजलं.

आणि तुझी ती शिस्त. तुला किरणांची भीती नव्हती, घाणीची होती. नमुन्याला हात लावायचा तर अंगठी नको, पावडर नको, चिमटा प्लास्टिकचा. एकदा कोणाच्या तरी तोंडावरच्या पावडरीत जस्त होतं आणि तुमचं महिन्याचं काम फुकट गेलं, ते सांगताना इतक्या वर्षांनी पण तुझं तोंड कडू व्हायचं. आणि दुसरा नियम, नमुना ज्याने कापला त्यानेच सांगायचं तो कोणाचा. दुसऱ्याने सांगितलेलं चालत नाही. हे तू मला किती वेळा सांगितलं असशील, मी हो हो करायची, मला काय माहीत ते माझ्याच गळ्यात पडणार आहे.

बायू सहा महिन्यांची असताना मला मोठा ताप आला आणि दूध आटलं. वरचं दूध सुरू केलं, पेज सुरू केली, आणि महिनाभरात तिच्या तोंडाभोवती लाल झालं, मग ढुंगणाला, मग हातापायाच्या बोटांना, सालं निघायची, पाणी यायचं. जुलाब. आणि उशीवर केस, आत्ये, सकाळी उशीवर तिचे केस. आरोग्य केंद्राच्या आशाताईने जुलाबावर गोळ्या दिल्या होत्या, पाण्यात विरघळवून द्यायच्या, बायूने पहिलीच ओकली म्हणून सासूने पाकीट फळीवर ठेवून दिलं. डॉक्टरांनी एक मलम दिलं, मग दुसरं. सासू मिरच्या ओवाळायची. बायूचे बाबा रेडीला बंदरावर, खनिज भरायच्या कामाला, रविवारी यायचे आणि पोराकडे बघून अंगणात जाऊन बसायचे.

तू तिचे हात उलटेसुलटे केलेस, तोंड बघितलंस, मला विचारलंस दूध कधी सुटलं. मग म्हणालीस मी डॉक्टर नाही गो, मी मोजणारी, पण काही पोरांच्या आतड्याला वरच्या अन्नातलं जस्त घेता येत नाही, आईच्या दुधातलं कसंबसं घेतात, दूध सुटलं की असंच होतं. तू स्वतः डॉक्टरांकडे गेलीस. ते नीट बोलले, मॅडम तुम्ही मोठ्या आहात, पण आधार काय, ही तपासणी इथे होत नाही. तुला राग नाही आला. म्हणालीस बरोबर बोलला तो, आधार पाहिजे. बाहेर पाठवायला रक्त काढायला गेलो तर शीर सापडेना, तीन वेळा टोचलं, मी बायूला ओढूनच घेतलं, म्हटलं आता सुई नको. तू म्हणालीस मग केस. रक्ताइतका पक्का नाही पण केस म्हणजे प्रोटीनच, जस्त त्यात उतरलेलं असतं. नाझनीन असंही पोरांच्या केसांवर काम करत होती. चाळीस केस, मुळाजवळ कापलेले, तेल लावलेले नकोत, नवी कात्री, कागदाची पुडी.

मी घरी येऊन सांगितलं आणि सासू भिंतीला टेकून खालीच बसली.

"जावळ देवीक बोललेला आसा, त्याच्या आदी कात्री लावतलंस? आणि चेडवाचे केस टपालान परक्याच्या हातात? कोण काय करीत तेचा कोणाक कळतला गो?"

लोक हसतील मला. पण मीही तेच ऐकत वाढलेय, केस नख बाहेरच्याच्या हातात जाऊ द्यायचं नाही, करणी करतात. पोर आधीच झिजत चाललेलं. मी ह्यांना रेडीला फोन लावला, ते म्हणाले आई सांगता तसा कर, आणि आत्याक पण दुखव नको. फोन ठेवला. आता हे दोन्ही कसं करायचं ते मला कोणी सांगितलं नाही.

मी माझे कापले. उजव्या कानामागचे, बारीक बघून, चाळीस मोजले. तुझं सगळं पाळलं आत्ये, केस नुसत्या पाण्याने धुतले, अंगठी काढली, नवी कात्री स्पिरीटने पुसली, कागदाची पुडी केली. फक्त केस माझे. पुडी तुझ्या हातात दिली आणि घरी येऊन मला बरंच वाटलं बघ, सगळ्यांचं मन राखलं असं वाटलं.

आठ दिवसांनी तू आमच्या अंगणात आलीस, मोबाइल हातात. त्यावर डोंगरासारखे उभे सुळके, हा गंधकाचा, केसात असतोच, हा तांब्याचा, आणि हा जस्ताचा, चांगला उंच. तू मला विहिरीकडे बाजूला घेतलंस. नाझनीनने लिहिलं होतं केस नऊ महिन्यांच्या पोराच्या मानाने जाड वाटतात.

"केस बायूचेच मां गो?"

सासू दारात उभी होती. ऐकत होती की नाही देव जाणे. मी म्हटलं, "व्हय आत्ये, तिचेच."

तू माझ्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलंस. मग आत जाऊन सगळ्यांसमोर म्हणालीस माझा अंदाज चुकला, डॉक्टर देतात तेच मलम लावा. सासूने तुला चांगल्या कपात चहा दिला. त्या दिवशी पहिल्यांदा तू मला म्हातारी दिसलीस, पायरी उतरताना भिंतीला हात लावलास. माझ्या मनात काय आलं सांगू, आलं की बरं झालं, सुटले. आणि बायू बारा दिवस आणखी झिजली.

तर त्या सकाळी. तू परसात दात घासत होतीस. मी काय बोलले, कशी बोलले, "आत्ये ते केस माझे होते, बायूचे नाय होते," एवढंच आठवतं, आणि मग रडायला लागले. मला वाटलं मारशील. मी वाट बघत होते मारायची. तू चूळ भरलीस.

"किती दीस झाले रिपोर्टाक?"

"बारा."

"मगे रड. आदी तिची मान वर धर."

रिक्षा तूच बोलावलीस. मीठ साखरेचं पाणी करून घेतलंस, आणि कुडाळपर्यंत रस्ताभर चमच्याने थेंब थेंब तिच्या ओठात सोडत राहिलीस, खड्डा आला की थांबायचीस, परत सोडायचीस. माझ्याशी बोलली नाहीस. एकदाच मान वर करून विचारलंस, माझ्या केसांना मेंदी होती का. मी म्हटलं नाही. तू मान हलवलीस. मला तेव्हा वाटलं ही बाई दगड आहे, माझं पोर जातंय आणि हिला मेंदीचं पडलंय. आता कळतं, तू तेवढ्यातही तो आकडा उचलून त्याच्या खऱ्या जागी ठेवत होतीस.

हॉस्पिटलात सलाईन लागलं, शीर सापडली, रक्त घेतलं. दुपारपर्यंत सासू आली, रेडीहून हे आले, अंगावर ती लाल धूळ तशीच. डॉक्टर बाई तरुण होती, तिने बायूचे हात बघितले, तोंड बघितलं, तूही तिला जस्ताचं सांगितलंस. रक्ताचा रिपोर्ट आला त्यातल्या एका ओळीवर तू बोट ठेवलंस, हे एक प्रोटीन आहे डॉक्टर, जस्ताशिवाय चालत नाही, बघा किती खाली गेलंय. डॉक्टर म्हणाली मलाही तोच संशय आहे. आणि तेवढ्यात ह्यांनी, बिचाऱ्यांना वाटलं आपण मदत करतोय, मोबाइल पुढे केला, तूच त्यांना पाठवलेला तो सुळक्यांचा रिपोर्ट त्यात होता. म्हणाले, पण ह्या रिपोर्टात जस्त बरोबर दाखवलंय. डॉक्टरने तो हातात घेतला आणि ती थांबली.

मी बायूचा सलाईनचा हात धरून उभी होते. तोंड उघडलं मी आत्ये, तू बघितलंस की नाही माहीत नाही, मी उघडलं होतं.

तू ऑफिसातल्या मराठीत बोललीस, स्वच्छ. "डॉक्टर, तो रिपोर्ट बाजूला ठेवा. तो नमुना ह्या मुलीचा नाही. पुड्या माझ्या हातून बदलल्या. चूक माझी आहे."

डॉक्टरने मोबाइल ह्यांच्या हातात परत दिला. मग सासू बोलली, "सगळा जल्म ह्याच काम केलंस मां गो?"

"व्हय," तू म्हणालीस. "म्हातारी झालंय."

माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

जस्ताचं औषध सुरू झालं. आशाताईच्या पाकिटात होतं तेच, फळीवर पडलेलं, फक्त आता रोजचं आणि जन्माचं. दुसऱ्या दिवशी रडणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या हातातल्या बिस्किटाला बायूने हात घातला आणि मी हसले की रडले ते मला कळलं नाही, ती बाई घाबरली. आठवड्यात बोटांवरचं सुकलं. मग बाहेर पाठवलेला जस्ताचा रिपोर्टही आला, अगदी खाली, तू म्हणत होतीस तसाच. तोपर्यंत तो बघायला कोणाला वेळ नव्हता, पोर बरं झालं होतं.

आणि वाडीत तुझं नाव गेलं. सासूने कोणाकोणाला सांगितलं मी मोजलं नाही. बायका आपले रक्ताचे रिपोर्ट घेऊन तुझ्या पायरीवर यायच्या, वाचून दाखव म्हणायच्या, त्या हळूहळू यायच्या बंद झाल्या. शाळेतल्या बाई दर वर्षी तुला विज्ञानाच्या दिवसाला बोलवायच्या, त्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी बोलावलं. आणि एक म्हणच पडली, काही इकडचं तिकडे झालं की आत्याची पुडी झाली म्हणायचं. मासळीच्या लिलावात कोणाची टोपली चुकून दुसऱ्याने उचलली तरी आत्याची पुडी. एकदा आपण दोघी मासे घ्यायला गेलो तर मासेवालीने मला सुरमईच्या पिशवीच्या जागी स्वस्तातल्या पेडव्यांची दिली, आणि मागून कोणीतरी बोललं, "गे, आत्येची पुडी करतंस काय," मग तिला दिसलं तू उभी आहेस, ती जीभ चावून गप्प. तू सगळ्यांपेक्षा जास्त हसलीस. म्हणालीस माका पुडी चलात, पण सुरमय दी. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

मी तुझ्या पायरीवर येऊन म्हटलं होतं ना, मी सगळ्यांना सांगते, मला झोप येत नाही. तूच नको म्हणालीस. म्हणालीस तुला त्या घरात अजून चाळीस वर्षं काढायचीत, मला इथे किती राहायचंय. पण एक मागितलंस.

"माझ्या नावाचा काय घेवन बसलंस? पण तो आकडो रवतलो गो. नाझनीनाच्या वहीत बायूच्या नावार तुझो आकडो बसलो आसा. तिका फोन कर, तुझ्या तोंडान सांग."

मी म्हटलं तूच सांग की. तू म्हणालीस मी एवढंच सांगितलंय की नमुना मुलीचा नाही, बाजूला ठेव, कोणाचा ते सांगायचा हक्क ज्याने कापला त्याचा. तो आकडा खोटा नाही, फक्त चुकीच्या नावावर बसलाय. आईचं जस्त चांगलं आणि पोरीचं नाही, एकाच घरातलं, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्यांचं, हे कळलं तर पुढच्या एखाद्या पोराला बारा दिवस झिजावं लागणार नाही. आणि मी काय बोलले? मी म्हटलं एवढ्याशा एका आकड्याने काय होतंय आत्ये. तुझा चेहरा असा झाला की जसं मी तुझ्या पायरीवर थुंकले. चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पुडीवरून नाही बोललीस, बारा दिवसांवरून नाही बोललीस, रागावलीस ती ह्याच्यावर. चौथ्या दिवशी तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं पाठवून दिलंस, डब्याला फडकं बांधून. आपलं भांडण तिथेच राहिलं.

मी फोन नाही केला. भीती वाटायची, नाझनीनला कळलं की वाडीत कळणार, वाडीत कळलं की सासूला, ह्यांना, बायूला मोठेपणी. सव्वा वर्ष आज करते उद्या करते.

शेवटचं भेटलो तेव्हा तुला ताप होता, तू पडून होतीस. बायू तुझ्या खाटेवर चढली, तू तिच्या केसातून हात फिरवत बसलीस, किती दाट झाले म्हणालीस. जावळ झालं होतं देवीच्या दारात, हे नवीन आलेले. मग मला विचारलंस फोन केला का. मी म्हटलं सोमवारी करते. तू डोळे मिटलेस, हात तिच्या डोक्यावर तसाच. सोमवारच्या आधी तू गेलीस.

तुझ्या पाया पडायचं राहिलं. माफ कर म्हणायचं राहिलं, ते मी रोज मनात म्हणायची पण तोंडाने एकदाही नाही. आणि त्या दिवशी तू खोटं बोललीस ते मला बरं वाटलं होतं, हे पण सांगायचं राहिलं. इतकं बरं वाटलं होतं की मी तुला थांबवलं नाही.

तर नाझनीन, तू हे आधी वाचशील. तुझ्या वहीत बायूच्या नावावर जो आकडा बाजूला ठेवलाय तो माझा आहे. वय तेव्हा तेवीस, केस उजव्या कानामागचे, मेंदी नाही, तेल नाही, नुसत्या पाण्याने धुतलेले, कात्री नवी, मी कापले, मी सांगतेय. दोन पानं सांगितली होतीस, जास्त झाली, पण ह्यातलं काही काढू नको. हे पुस्तक वाडीत घरोघर जाणार म्हणालीस. सासू अक्षर लावून लावून वाचते, तिला ह्या पानापर्यंत यायला दोन दिवस लागतील. बायूचे बाबा एका बैठकीत वाचतील. मी घरातच असेन.

आणि तुम्ही बाकीचे, वाडीतले, जे आत्याची पुडी म्हणून हसलात, मीही तुमच्यात उभी राहून गप्प बसले म्हणून मी तुम्हाला काही बोलत नाही. फक्त विचारते. तुमचं पोर असतं, केस गळत चाललेले, घरातलं मोठं माणूस रडत सांगतंय देऊ नको आणि आत्या मागतेय, तर तुम्ही पुडीत कोणाचे घातले असते? आणि मग हॉस्पिटलात, पोर सलाईनवर, नवरा समोर, सासू समोर, आणि आत्या म्हणाली चूक माझी आहे, तेव्हा तुम्ही तोंड उघडलं असतं? मी सव्वा वर्ष स्वतःला सांगत आलेय की कोणीच उघडलं नसतं. कोणी एक तरी आहे का तुमच्यात, जिने उघडलं असतं? असेल तर मला येऊन सांगा, कुठल्या शब्दाने सुरुवात केली असती.